आमच्यात जात न्हाईत

संयोगिताचा अंगठा चौथ्यांदाही उठला नाही.

विद्याश्रीनं यंत्राची काच रुमालानं पुसली, संयोगिताचा अंगठा स्वतःच्या हातात धरून पुन्हा नीट दाबला आणि टॅबकडं बघत राहिली. टॅबवर चक्र फिरलं, थांबलं आणि तीच लाल ओळ आली. ओळख पटली नाही.

"पदराला पूस आन् परत ठेव की," खुर्चीवरनं जोतीराम म्हणाला. हा संयोगिताचा थोरला भाऊ. मघाशीच डेअरीला दूध घालून आला होता आणि सोप्यात पाय पसरून बसला होता. "भांडी घासून घासून झिजलं असंल. दुसरं काय."

"होतं असं. मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा."

मोबाईलही जोतीरामचाच होता. त्यानं तो डोळ्यांपासून लांब धरला आणि शाळेत पाढे म्हणावेत तसे सहा आकडे म्हणून दाखवले. बाईची ओळख तिच्या अंगठ्यानं पटली नाही ती भावाच्या मोबाईलनं पटली. असं रोजच व्हायचं. विद्याश्रीला आता त्याचं हसूही येत नव्हतं आणि रागही.

सकाळपासनं हे तिसरं घर. गगनबावडा रोडला एसटीतून उतरून दोन किलोमीटर चालत यायचं, फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर घ्यायचं, प्रत्येक घरात चहाला नको म्हणायचं आणि शेवटी घ्यायचाच. त्रेचाळिसाव्या वर्षी अकरा महिन्यांच्या करारावर माणसानं किती उत्साह दाखवावा. तिच्या टाचा दुखत होत्या, कंबर दुखत होती, आणि सगळ्यात जास्त दुखत होती ती जीभ. तेच चौसष्ट प्रश्न, त्याच शब्दांत, दोनशेहून जास्त बायकांना वाचून दाखवून झाले होते.

प्रश्नावलीचं नाव 'रोजगारक्षमता मापन'. खाली बारीक अक्षरात, 'सामाजिक प्रवाहातून बाहेर फेकल्या जाण्याचा धोका असलेल्या व्यक्तींकरिता'. ही दुसरी ओळ विद्याश्री कुणाच्या घरात वाचत नसे. ज्यांच्या चटईवर बसून चहा प्यायचा त्यांना तुम्ही फेकल्या जायच्या बेतात आहात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं.

साठ गुण पडले की कोल्हापुरात सहा महिन्यांचं रुग्णसेवेचं शिक्षण, राहायला वसतिगृहात खोली, आणि मग दवाखान्यात नोकरी. साठच्या खाली काही नाही. वयाची अट छत्तिसापर्यंत. संयोगिताला पस्तीस पुरी होऊन आठ महिने झाले होते, म्हणजे ही शेवटची यादी. गावातल्या आशा सेविकेनं, म्हणजे स्वप्नालीनं, हे सगळं विद्याश्रीला येता येता रस्त्यातच सांगितलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली, ही परत आली. माहेरी चार दिवस राहायला येतात, ही नऊ वर्षं राहिली. भाऊ वाईट नाही, भावजयही वाईट नाही. पण घर दोन खोल्यांचं, पुतणी वयात आलेली, आणि संयोगिताचं अंथरूण अजून रोज रात्री सोप्यात पडतं आणि पहाटे कुणी उठायच्या आत गुंडाळलं जातं.

"रेकॉर्डिंग चालू करते हां," विद्याश्री म्हणाली. "मी वाचते तसंच वाचणार. अर्थ सांगता येत नाही मला. जे वाटेल ते सांगा."

संयोगितानं मान हलवली. ती भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. भावजय तेजस्वी आतल्या दाराशी उभी होती, हातात लाटणं तसंच.

प्रश्न सुरू झाले. शिक्षण दहावी. वाचता येतं, लिहिता येतं. मोबाईलवरून पैसे पाठवता येतात का, तर मोबाईल नाही. अनोळखी माणसाशी बोलता येतं का.

"आत्ता बोलतोच आहे की मी," संयोगिता म्हणाली.

तिकडच्या बायका बोलतात तसंच ती बोलत होती, मी जातो, मी येतो. पहिल्या महिन्यात पुण्याच्या ऑफिसातल्या पूर्णिमानं रेकॉर्डिंग ऐकून विद्याश्रीला फोन केला होता, सगळी उत्तरं घरातला पुरुष देतोय का म्हणून. पूर्णिमा सत्तावीस वर्षांची, गुणाची पोर, पण कोल्हापूर तिनं फक्त नकाशात बघितलेलं.

"तुम्हाला संघात काम करायला जमते का?"

"संघात?" जोतीराम पुढं सरकला. "दूध संघात लागाय मोठा वशिला लागतोय, बाई. तो आसता तर मीच न्हाय का लागलो आसतो."

आतनं तेजस्वी फिसकन हसली. विद्याश्रीनं ओठ आवळले. चारचौघांत मिळून काम करणं असा त्याचा अर्थ, पण सांगायचा नाही. जसं आहे तसं वाचायचं. प्रश्नावली प्रमाणित होती, पाच राज्यांत एकच, आणि मराठी कुणीतरी दिल्लीत बसून केलेलं. तिनं प्रश्न पुन्हा वाचला, पण 'संघात'च्या आधी जरा थांबून आणि हातानं हवेत गोल करून. हात रेकॉर्ड होत नाहीत.

"जमतंय की," संयोगिता म्हणाली. तिला कळलं होतं. डोक्यानं पोरगी तल्लख होती.

एकेक उत्तर चांगलं येत होतं. रक्त बघून घाबरता का, न्हाय. म्हाताऱ्या माणसाचं करायला किळस येते का, न्हाय. वेळेवर उठता का, यावर तेजस्वीनंच आतनं सांगितलं की वन्सं पहाटे साडेचारला उठत्यात, कोंबडं पण एवढं उठत न्हाय. टॅबच्या कोपऱ्यात गुण चढत होते. ते फक्त विद्याश्रीला दिसत होते, आणि तिला कितीतरी दिवसांनी कुणासाठी तरी मनापासून वाटायला लागलं होतं, की हिला मिळू दे.

मग एकेचाळिसावा प्रश्न आला.

हा प्रश्न आला की विद्याश्रीचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. दिल्लीत ज्यानं कुणी मराठी केली त्यानं शब्दकोश बघून चांगला, शुद्ध शब्द घातला होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, कोल्हापूरकडं रोजगार म्हणजे नोकरी नव्हे. रोजगार म्हणजे दुसऱ्याच्या रानात मजुरीनं भांगलायला, तण काढायला जाणं. डोक्याला टॉवेल, कमरेला खुरपं, आणि टेम्पोत मागं पंधराजणी. ज्यांच्याकडं काहीच नाही त्या बायका रोजगाराला जातात. आणि ज्यांच्याकडं दोन पट्ट्या का होईना, पण स्वतःचं रान आहे, त्या घरात हा प्रश्न विचारला की काय होतं, ते तिनं दोनशे वेळा बघितलं होतं.

"रोजगारासाठी तुम्ही घराबाहेर जायला तयार आहात का?"

जोतीरामनं पसरलेले पाय जवळ घेतले.

"न्हाय," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बदलला होता. "आमच्यात बायका रोजगाराला जात न्हाईत."

"उत्तर त्यांनी द्यायचं आहे, जोतीरामभाऊ."

"देऊ दे की तिनं. तिला काय वायलं बोलायचं हाय?"

संयोगिता चटईची काडी नखानं उचकटत होती.

"न्हाय," ती म्हणाली.

विद्याश्रीनं 'नाही'वर बोट ठेवलं. कोपऱ्यातला आकडा जागचा हलला नाही. हे तिनं पूर्णिमाला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. शब्द बदलू या, नोकरी म्हणू या, इथल्या बायका नाही म्हणतात त्या कामाला नव्हे. पूर्णिमानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ताई, एक शब्द बदलला तरी पाच राज्यांची तुलना बिघडते. नंतर कळलं की कुठल्यातरी बैठकीत कोल्हापूरचा तक्ता दाखवून झाला होता. या जिल्ह्यात क्षमता चांगली, इच्छा कमी. विद्याश्रीनं त्या दिवशी घरी जाऊन भांडी आपटली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी धरली होती.

पुढचा प्रश्न अनुभवाचा. गेल्या पाच वर्षांत मोबदला घेऊन काम केले आहे का, असल्यास किती वर्षे.

"न्हाय," संयोगितानं लगेच सांगितलं.

"ती धोंडुआत्तीकडं जाती की," जोतीराम म्हणाला. "आमची आत्ती, पलीकडच्या गावात. पडून आसती. तिचं बघाय कोण न्हाय, म्हणून ही सकाळी जाती ती सांजंला येती. ते धरा की कामात."

"त्याचे पैसे मिळतात का?"

"आत्तीकडनं कोण पैसं घेतंय व्हय?"

ते धरता येत नव्हतं. विद्याश्रीनं शून्य टाकलं. टाकताना तिचं लक्ष संयोगिताच्या हातांकडं गेलं, आणि मग तिला दुसरीकडं बघता येईना. बांगड्यांच्या वर, कोपरापर्यंत, बारीक बारीक ओरखडे. काही जुने, काही कालचे. उसाचा पाला असाच चिरतो. पडून असलेल्या म्हातारीची सेवा करताना हात असे होत नाहीत. मघाशी अंगठा दाबताना उजव्या तळव्याला बोटांच्या बुडाशी जो टणक घट्टा लागला होता, तो खुरप्याचा होता. भांड्याचा नव्हता. हे विद्याश्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जयसिंगपूरच्या अलीकडं विद्याश्रीच्या माहेरचं किराणा दुकान होतं. अप्पा गेले आणि वर्षात दुकान बसलं. अव्वा, म्हणजे तिची आई, रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत कात्री आणि मापाची टेप घालून, जयसिंगपूरला शिवणक्लासला जायची. सात वर्षं तो क्लास चालला. त्या सात वर्षांत अव्वानं घरात एक झबलंसुद्धा शिवलं नाही, आणि गल्लीतल्या एकाही बाईनं कसला गं हा क्लास म्हणून विचारलं नाही. फक्त रात्री ती लिंबू घेऊन मोरीत बसायची आणि टोमॅटोच्या पानांचे काळे-हिरवे डाग घासत राहायची. विद्याश्री बत्ती धरून उभी राहायची. तिच्या लग्नात सासरच्यांना आई टेलरिंग करते असंच सांगितलं गेलं. नवरा, शशिधर, वीस वर्षं झाली तरी तेच समजून होता. मुलंही तेच समजून होती.

राहिलेले प्रश्न संपले. शेवटचं पान उघडलं. सत्तेचाळीस.

"किती पडलं?" संयोगितानं विचारलं.

"सांगता येत नाही मला."

"साठ पडलं काय तेवढं तरी सांगा की."

विद्याश्रीनं टॅब मांडीवर पालथा ठेवला. संयोगितानं तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि मान खाली घातली. रडली नाही. नऊ वर्षं ज्यांनी पहाटे अंथरूण गुंडाळलंय त्या बायका चारचौघांत रडत नसतात. ती उठायला लागली, चहाच्या कपबशा गोळा करायला.

"बसा," विद्याश्री म्हणाली. "एकदा मागं जाता येतं. दोन प्रश्न परत विचारते."

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. एकेचाळिसाव्याचे पाच. अनुभव तीन वर्षांपर्यंत असेल तर पाच, तीनच्या वर असेल तर दहा. दोन्ही मिळाले तर बासष्ट होतात. पण शब्द बदलायचा नाही, सुचवायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही. आणि भाऊ समोर बसलेला.

"रोजगारासाठी तुम्ही घराबाहेर जायला तयार आहात का?"

"बाई," जोतीराम म्हणाला, "एकदा सांगितलं की आमच्यात जात न्हाईत म्हणून. परत परत काय इचारताय? गावात आमचं नाव हाय."

"आमचंही होतं," विद्याश्री म्हणाली.

तो थांबला. तिलाही थांबता आलं असतं, तेवढी फट होती. टॅबवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. हे पुण्याला जाणार, पूर्णिमा ऐकणार, कदाचित करार इथंच संपणार. पण ती इतकी दमली होती, की खोटं सांभाळायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"माझी आई रोजगाराला जायची," ती म्हणाली. "सात वर्षं. आम्ही लिंगायत, दुकानवाले. आमच्यातही जात नव्हते. तिनं लोकांना शिवणक्लास सांगितला आणि माझं शिक्षण केलं. ती जाऊन सहा वर्षं झाली. मी आजपर्यंत हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही."

बाहेर म्हशीनं दाव्याला हिसका दिला. तेजस्वी दारातनं पुढं आली होती ती तिथंच उभी राहिली. विद्याश्रीचे कान तापले होते आणि आपण हे काय करून बसलो असं तिला वाटत होतं. लाजही वाटत होती, अजूनही, या वयात.

संयोगितानं कपबशी खाली ठेवली.

"जातो मी," ती म्हणाली.

"कुठं?" जोतीरामनं विचारलं.

"रोजगाराला." ती भावाकडं बघत नव्हती, टॅबकडं बघत होती. "आत्तीकडं जातो, तिला आंघोळ घालतो, जेवाय घालतो. मग तिथनंच टेम्पो जातोय, त्यात बसतो. लिवा बाई. तयार हाय म्हणून लिवा."

विद्याश्रीनं 'होय'वर बोट ठेवलं. बावन्न. पुढचं पान आपोआप आलं आणि तिनं तो प्रश्न वाचला, जसा होता तसा.

"किती वर्षे?"

"तीन," संयोगिता म्हणाली.

"तीन की जास्त?" हे विचारायला परवानगी नव्हती. तिनं विचारलं.

"तीन झाली आसतील. बारा म्हैनं कुठं काम आसतंय. तीन लिवा."

कबूल करतानाही बाईनं कमीच सांगितलं. गुन्हा निम्मा कबूल केला तर शिक्षाही निम्मी होईल, असं काहीतरी वाटत असणार. तिला बिचारीला कुठं ठाऊक होतं. विद्याश्रीनं रकान्यात तीन टाकलं. सत्तावन्न. तिनं ते परत बघितलं, आकडा बदलेल अशा वेड्या आशेनं. एवढं सगळं बोलून, एवढं सगळं उघडं करून सत्तावन्न. आणि उद्यापासून या पोरीला भावाच्या घरात तोंड वर करायची सोय नाही. हे आपण केलं. तिला उठून जावंसं वाटलं.

"तीन न्हवं," जोतीराम म्हणाला.

तो खुर्चीत पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता. जमिनीकडं बघत होता.

"चार वर्सं झाली. येत्या पाडव्याला पाच हुतील."

संयोगितानं मान वर केली. तेजस्वीनं पदर तोंडाला लावला, पण ती चकित झाली होती असं काही दिसलं नाही.

"तुला काय ठावं, दादा?"

"डेअरीला मी आधी कुठल्या रस्त्यानं जायचो?"

"खालच्या."

"आन् आता?"

संयोगितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी," जोतीराम म्हणाला. "वढ्याच्या पुलावर टेम्पो आडवा आला. तू मागं बसलीतीस, डोक्याला माझाच टॉवेल. मला बघून तू तोंड फिरवलंस. तुला वाटलं मी न्हाय बघितलं. तवापास्नं मी वरच्या रस्त्यानं जातोय. एक पोरगी रोज सकाळी आपल्याला बघून तोंड फिरवणार, ते काय बरं न्हवं."

मग तो विद्याश्रीकडं वळला. डोळे लाल होते, पण आवाज पुन्हा मघासारखाच, सोप्यातल्या यजमानाचा झाला होता.

"चार लिवा, बाई," तो म्हणाला. "आमच्यात जात्यात म्हणून लिवा."